एक ग्रंथ, पांच छापखाने

ग्रंथपरीक्षणाच्या शेवटीं एक ठराविक वाक्य लिहिण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे: ‘पुस्तकाची छपाई सुबक असून मुद्रणदोष फारसे नाहींत.’ परीक्षकाचें मन तोंवर विषय, भाषा, प्रतिपादन ह्यांत गुंतलेलें असतें. कागद, बांधणी आणि अक्षर ह्यांवर तो जातां जातां एक दृष्टि टाकतो आणि लेखणी खालीं ठेवतो. ह्या एका वाक्यासाठीं स्वतंत्र लेख लिहावा असें आम्हांस वाटूं लागलें, त्याचें कारण अलीकडे आमच्या वाचनांत येणारे सामुदायिक ग्रंथ हें होय. गौरवग्रंथ, स्मरणिका, संस्थांचे शताब्दि-अंक, दिवाळी अंक, अनेकांनीं मिळून रचलेले कोश ह्यांत आढळणारे दोष पूर्वीच्या मुद्रणदोषांच्या जातीचे नाहींत. ते जुळाऱ्याच्या हातून झालेले नसतात, लेखकाच्या अज्ञानामुळेंहि झालेले नसतात. आणि मुद्रितें तपासणाऱ्यानें कितीहि डोळे ताणले तरी ते पुरते नाहींसे होत नाहींत, कारण तो तपासतो त्या वेळीं त्यांतले पुष्कळसे तेथें नसतातच! त्यांचें मूळ शोधावें, दोष कोणाचा हें पाहावें आणि उपाय सुचवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम खिळ्यांच्या काळांतली व्यवस्था आठवून पाहूं. जावजी दादाजी ह्यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, आणि पुढें त्या छापखान्याच्या देवनागरी अक्षराची ख्याति देशभर पसरली. तथापि ग्रंथ लिहिणाऱ्यास त्या अक्षराच्या वळणाशीं कांहीं कर्तव्य नसे. तो आपल्या हाताच्या वळणानें लिहून देई, संपादक त्याच कागदावर खाडाखोड करी, आणि हस्तलिखित छापखान्यांत पोंचलें म्हणजे मग त्यास धातूचें रूप येई. अक्षर कोणतें हें लेखकानें ठरवावें आणि त्या अक्षरास आकार छापखान्यानें द्यावा, अशी ही कामाची वांटणी होती. आणि आकार देण्याचें काम एकाच ठिकाणीं, सर्वांत शेवटीं होत असे. खिळ्यांचा सांठा एकाच घरचा असल्यामुळें चूक झाली तर ती कोठें झाली हें कळे, आणि एकदां दुरुस्त झालेली जागा सहसा पुन्हां बिघडत नसे.

संगणकानें ही वांटणी मोडली. आज लेखक नागपुरास आपल्या घरीं संगणकावर लिहितो. संपादिका पुण्यास दुसऱ्या संगणकावर तें वाचते. मुद्रितशोधक कोल्हापुरास असतो. पानांची मांडणी करणारा मुंबईस मॅकवर काम करतो. छापणाऱ्याचें यंत्र आणखी कोठें तरी असतें. एखादा लेखक तर शिकागोहून मजकूर धाडतो. ह्या प्रत्येकाच्या संगणकांत अक्षरांचा एकेक स्वतंत्र सांठा आहे, म्हणजे प्रत्येकाच्या घरीं एक लहानसा छापखानाच आहे. आणि ग्रंथ ह्या सर्व छापखान्यांतून फिरतो. फिरतांना मजकुराबरोबर अक्षरांचे आकार जातातच असें नाहीं. पुष्कळदां आकारांचें केवळ नांव जातें. ‘हा मजकूर अमुक फॉन्टांत दाखवावा’ एवढी सूचना जाते. तो फॉन्ट पलीकडच्या घरीं नसला, तर तेथला संगणक बहुधा कोणास न विचारतां जवळ असलेला दुसरा फॉन्ट उचलतो आणि वेळ मारून नेतो.

ह्यांतून निपजणारे दोष वाचकांनीं पाहिले असतीलच. एका लेखांत ‘ल’ पाकळीचा, मराठी वळणाचा. पुढच्याच लेखांत तो हिंदी वळणाचा. ‘दऱ्या’ असें लिहिलेल्या जागीं ‘दर्या’ छापलेला, म्हणजे सह्याद्रीच्या वर्णनांत एकाएकीं समुद्र! आचाऱ्यास द्यावयाची दक्षिणा अशाच रीतीनें आचार्यास पोंचते. कोठें पहिली वेलांटी आपलें अक्षर सोडून शेजाऱ्याच्या दारांत जाऊन बसलेली. कोठें जोडाक्षराचे तुकडे होऊन हलन्ताचा पाय उघडा पडलेला. आणि विद्वानांच्या ग्रंथांतला सर्वांत घातक दोष सूचींत सांपडतो: सूचि एखादें नांव २१४ व्या पृष्ठावर सांगते, आणि वाचकास तें २१९ व्या पृष्ठावर आढळतें.

ह्या सर्वांच्या बुडाशीं एकच गोंधळ आहे. अक्षर आणि अक्षराचा आकार ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, ह्याचें विस्मरण. मूल पाटीवर ‘क’ गिरवावयास शिकतें; पुढें पोथींतला टपोरा ‘क’, दुकानाच्या फळीवरचा रंगीत ‘क’, आजोबांच्या पत्रांतला घाईचा ‘क’ हे सगळे त्यास एकच अक्षर म्हणून ओळखूं येतात. संगणकास हें ज्ञान उपजत नसतें. त्यास प्रत्येक अक्षर एका अंकानें ओळखावें लागतें. आणि तो अंक ‘क’ ह्या अक्षराचा असावा कीं ‘क’ च्या एका विशिष्ट आकाराचा असावा, हा ह्या विषयांतला मुख्य प्रश्न आहे.

मराठी मुद्रणानें संगणकाचा स्वीकार केला, त्या काळांत ह्या प्रश्नाचें उत्तर व्यवहारानें चुकीच्या बाजूनें दिलें. तेव्हांच्या फॉन्टांत जास्तींत जास्त २५६ घरें असत, आणि तीं मुळांत रोमन लिपीसाठीं आंखलेलीं होतीं. जोडाक्षरें जुळवण्याची विद्या पानांची मांडणी करणाऱ्या साधनांस अवगत नव्हती. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनीं देवनागरीचे आकार सुटे केले: अर्धे अक्षर, काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरांचे तुकडे, आणि ते इंग्रजी अक्षरांच्या घरांत भाडेकरूसारखे नेऊन ठेवले. कृतिदेव फॉन्टांत ‘क’ हा इंग्रजी लहान ‘डी’च्या घरांत राहतो आणि पहिली वेलांटी ‘एफ’च्या घरांत. श्री-लिपि, आकृति, सी-डॅकचे फॉन्ट ह्या प्रत्येकानें घरांची वांटणी आपापल्या सोयीनें केली. परिणाम असा कीं, अशा धारिकेंत वस्तुतः मराठी मजकूर नसतोच. तेथें इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असते, आणि विवक्षित फॉन्टाचा पडदा तीवर टाकला म्हणजे ती मराठी दिसते. पडदा सरला, म्हणजे ज्ञानेश्वरीवरचा निबंध डी, एफ आणि चौकटी ह्यांचा कचरा होऊन समोर येतो.

ह्या जुन्या फॉन्टांविषयीं आज तुच्छतेनें बोलण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस अन्यायाची वाटते. शिशाचे खिळे गेल्यावर सुमारें वीस वर्षें मराठी पुस्तकें, नियतकालिकें आणि लग्नपत्रिका ह्याच फॉन्टांनीं छापल्या. त्यांतील कित्येकांचें वळण डौलदार होतें, आणि आजहि अनेक मांडणीकार त्यांस सोडावयास तयार नाहींत तें केवळ संवयीमुळें नव्हे. एकट्या छापखान्याच्या चार भिंतींत, जेथें टंकलेखन, मांडणी आणि छपाई एकाच फॉन्टावर चालते, तेथें ही योजना निर्दोष चाले. तिची परीक्षा पुढें झाली. मजकूर उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या घरीं जाऊं लागला तेव्हां. सहकार्याची कल्पना तिच्या पायांत नव्हती, एवढेंच तिचें वैगुण्य. पण सामुदायिक ग्रंथाच्या दृष्टीनें तें मोठें वैगुण्य आहे.

अक्षरास अंक देण्याची दुसरी, अधिक शहाणपणाची योजना त्याच सुमारास सिद्ध झाली होती. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं आयएस १३१९४ ह्या क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. त्यांत अंक अक्षरांस दिलेले होते, आकारांस नव्हते. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि भारतीय मानकाचें आधींचें १९८८ चें रूप पुढें ठेवून तीत देवनागरीस १२८ स्थानांचें स्वतंत्र दालन मिळालें. तेथें ‘क’ हा फक्त ‘क’ आहे. ‘कि’ लिहितांना वेलांटी डोळ्यांस आधीं दिसली तरी नोंद उच्चाराच्या क्रमानें, ‘क’ नंतर वेलांटी, अशी होते. ‘धर्म’ ह्यांतला रफार ‘म’ च्या डोक्यावर बसला तरी त्याची नोंद ‘म’ च्या आधीं होते. आकार कसा द्यावा हें फॉन्ट आणि साधन मिळून मागाहून ठरवितात. लेखकानें अक्षर द्यावें, छापखान्यानें आकार द्यावा, ही निर्णयसागराच्या काळची वांटणीच येथें नव्या रूपानें परत आली, असें आम्ही समजतों.

मग घोटाळा उरला कोठें? तो काळाच्या अंतरांत आहे. २००० सालच्या विंडोजबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. प्रसिद्ध सुलेखनकार व कवि रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) ह्यांनीं तो रेखाटला होता. तेव्हांपासून सामान्य लेखकास घरच्या संगणकावर युनिकोडांत मराठी लिहितां येऊं लागलें. परंतु ज्या पेजमेकरवर असंख्य मराठी पुस्तकें जुळविलीं गेलीं, त्याची शेवटची, सातवी आवृत्ति २००१ ची; तीस युनिकोडाचा गंध नव्हता. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्यें भारतीय लिपींची अंगभूत सोय झाली ती २०१२ च्या सीएस ६ ह्या आवृत्तीपासून. लेखकाच्या मेजावर आलेली वस्तु मांडणीकाराच्या मेजावर यावयास अशीं बारा वर्षें लागलीं. ह्या बारा वर्षांत लेखक एका पद्धतीनें लिहीत होते आणि पानें दुसऱ्या पद्धतीनें लागत होतीं. मध्यें पूल म्हणून रूपांतर करणारीं साधनें आलीं, आणि त्या पुलावरून मराठी मजकुराचे लोंढे जाऊं येऊं लागले. ती वहिवाट अद्यापि बंद पडलेली नाहीं.

रूपांतरासंबंधानें आमचें मत स्पष्ट आहे: तें आपद्धर्म म्हणून क्षम्य आहे, नित्यधर्म म्हणून नव्हे. वेलांटी आणि रफार ह्यांची जागा फिरवितांना तें अडखळतें. मजकुरांत मध्येंच आलेलें इंग्रजी ग्रंथनाम मराठी समजून त्याचें भलतेंच कांहीं करून टाकतें. विरळ जोडाक्षरांपुढें तें हात टेकतें. शंभरांत नव्याण्णव शब्द बरोबर उतरले म्हणजे लोक खूष असतात. हिशेब करून पाहावा. तीनशें पानांचें पुस्तक, पानास तीनशें शब्द धरले तर नव्वद हजार शब्द. त्यांत शंभरीं एक म्हणजे नऊशें चुका. शिवाय ह्या चुका सर्वत्र सारख्या पसरत नाहींत. ‘आणि’, ‘आहे’, ‘होता’ हे शब्द सुखरूप उतरतात. बळी पडतात तीं संस्कृत अवतरणें, विशेषनामें, पारिभाषिक शब्द. ज्या जागीं ग्रंथाचें मोल असतें, नेमक्या त्याच जागीं तो पोखरला जातो. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती हस्तोहस्तीं नकला होऊन पाठ बिघडले म्हणून. त्या पाठभेदांमागें निदान नकलून घेणाऱ्या माणसाची बुद्धि असे, तेव्हां त्यांतून मूळ पाठाचा माग काढतां येई. यंत्राच्या पाठभेदामागें कोणतीच बुद्धि नसल्यामुळें संशोधकास तेवढाहि आधार मिळत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आतां सर्वत्र युनिकोड झाल्यावर ही चर्चा शिळी आहे. तसें नाहीं. युनिकोडानें अक्षर सुरक्षित केलें. आकाराचा प्रश्न शिल्लकच आहे. ‘मंगल’ एके काळीं प्रत्येक विंडोजवर असे. विंडोज १० पासून तो मागून घ्यावयाच्या जादा फॉन्टांत गेला. मॅकवर ‘कोहिनूर देवनागरी’ असतो, तो विंडोजवर आपोआप येत नाहीं. एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे नसला आणि तिसऱ्यानेंच त्याची जागा घेतली, तर अक्षरें वाचतां येतात; म्हणून कोणास संशयहि येत नाहीं. पण प्रत्येक फॉन्टाची रुंदी व उंची निराळी. ‘मंगल’चें अक्षर त्याच मापाच्या ‘कोकिळा’हून बरेंच मोठें दिसतें आणि ओळींतलें अंतरहि अधिक घेतें. त्यामुळें ओळी सरकतात, पानें वाढतात, आणि ज्या सूचीवर संपादकानें महिनेच्या महिने घालविले ती सबंध सूचि खोटी पडते. फॉन्टाचें नांव तेंच असून आवृत्ति निराळी असली तरी असें घडूं शकतें. इतकेंच काय, फॉन्ट अगदीं तोच असला तरी इनडिझाइनमध्यें भारतीय लिपि जाणणारी जुळणीची पद्धत निवडली नसेल, तर जोडाक्षरें फुटतात.

ह्याशिवाय कांहीं अडचणी खास मराठीच्या आहेत, आणि त्यांकडे मराठी माणसानेंच लक्ष दिलें पाहिजे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘करणाऱ्या’ ह्यांतला ‘र’ चा आडवा अर्धा आकार युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एक, खालीं टिंब असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखे दिसतात; संगणकाच्या लेखीं ते भिन्न शब्द आहेत. ग्रंथांतल्या दहा लेखकांनीं पहिली रीत आणि दहांनीं दुसरी रीत वापरली, तर एक शब्द शोधावयास गेलेल्यास निम्मीच स्थळें सांपडतील. दुसऱ्या रीतींतलें अदृश्य चिन्ह तर वाटेंत कोठें गळलें कीं झालाच दऱ्यांचा दर्या. ‘ॲ’ ची गोष्ट अशीच. त्यास २००८ सालीं स्वतंत्र स्थान मिळालें. त्यापूर्वींच्या संवयीनें पुष्कळजण ‘अ’ वर चंद्र देऊन तें लिहितात. ‘ल’ आणि ‘श’ ह्यांचें मराठी व हिंदी वळण भिन्न. पण अक्षर एकच म्हणून युनिकोडांत स्थानहि एकच. कांहीं फॉन्ट दोन्ही वळणें बाळगून असतात, आणि मजकूर मराठी आहे असें साधनास सांगितलें तरच मराठी वळण पुढें करतात. तें सांगावयाचें राहिलें कीं मराठी ग्रंथाच्या अंगावर परका पोशाख चढतो. महाराष्ट्र शासनानें २००९ आणि २०२२ सालीं वर्णमालेविषयीं निर्णय काढले. पण कागदावरच्या निर्णयाचा अंमल लेखकाच्या संगणकांत आपोआप होत नाहीं.

ह्या सगळ्यावर प्रचलित उपाय म्हणजे ‘पीडीएफ करून पाठवा’. हा उपाय अर्धा खरा आहे. १९९३ पासून प्रचारांत असलेल्या ह्या प्रकारांत वापरलेले आकार धारिकेच्या पोटांतच बांधून देतां येतात, त्यामुळें पान जसें असेल तसें सर्वत्र दिसतें. छापणाऱ्याकडे शेवटची प्रत धाडावयास ह्याहून चांगलें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु काम चालू असतांना पीडीएफचा आश्रय करणें म्हणजे माणसाऐवजीं त्याचें छायाचित्र सभेस पाठविण्यासारखें आहे. त्यांत दुरुस्ती सुखानें करतां येत नाहीं. आणि त्यांतून देवनागरी मजकूर उचलूं गेल्यास वेलांट्या व जोडाक्षरें विस्कटून हातीं येतात. ज्या संस्था आपल्या अंकांचें दप्तर केवळ पीडीएफच्या रूपानें ठेवून निश्चिंत झाल्या आहेत, त्यांनीं दर्शन जतन केलें आहे, मजकूर जतन केलेला नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे फॉन्टच मित्रास पाठवून देणें. ह्यांत नीतीचा प्रश्न येतो, आणि सुशिक्षित घरांत तो क्वचितच विचारला जातो. फॉन्ट ही कोणाच्या तरी डोळ्यांची आणि हाताची अनेक महिन्यांची मेहनत असते. विकत घेतलेला फॉन्ट किती यंत्रांवर ठेवावा, धारिकेंत बांधून द्यावा कीं नाहीं, हें त्याच्या परवान्यांत लिहिलेलें असतें. बांधण्याच्या परवानगीची खूण तर फॉन्टाच्या पोटांतहि असते, आणि साधनें ती मानतात. लेखकाच्या हक्कासाठीं भांडणाऱ्या आपल्या साहित्यिकांनीं अक्षर रेखाटणाराहि लेखकच आहे हें ओळखावें.

सुदैवानें आतां ह्या पेचांतून सन्मानानें सुटतां येतें. २००५ सालीं निघालेल्या मुक्त फॉन्ट-परवान्याखालीं फॉन्ट कोणासहि द्यावा, कोठेंहि वापरावा, धारिकेंत बांधावा. तो एकटाच विकावा मात्र नाहीं. मुक्तपणें मिळणाऱ्या मराठी फॉन्टांची निवड आतां बरी आहे. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळीचा ‘मुक्ता’ अंगानें सारख्या जाडीचा व स्वच्छ आहे; मथळे, कोष्टकें, लहान टिपा ह्यांस तो शोभतो, परंतु तीनशें पानें त्यांत वाचणें आम्हांस रुक्ष वाटतें. मुंबईच्या आयआयटींत तयार झालेला ‘शोभिका’ संस्कृत जोडाक्षरांनीं संपन्न आहे. अवतरणांनीं भरलेल्या ग्रंथास तो आधींच्या अनेकांहून अधिक विश्वासू. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ मराठी पुस्तकाच्या ओळखीच्या वळणाचा आहे. कॅनडांतील टिरो टाइपवर्क्स ह्यांनीं मराठी, हिंदी व संस्कृत ह्यांसाठीं तीन वेगळे फॉन्ट काढले, ही कल्पना आम्हांस सर्वांत व्यवहारी वाटते. कारण मराठी वळण मिळण्यासाठीं तेथें साधनाच्या मर्जीवर विसंबून राहावें लागत नाहीं. उलट ‘मंगल’ मुळांत पडद्यावर वाचण्यासाठीं घडविलेला; त्यांत ग्रंथ छापणें म्हणजे घरांतल्या कपड्यांत लग्नास जाणें होय.

फॉन्ट कोणताहि निवडा. खरा उपाय कराराचा आहे. सामुदायिक ग्रंथ हातीं घेणाऱ्या संपादकमंडळानें पहिल्याच बैठकींत चार गोष्टी ठरवून लेखकांस कळवाव्या. सर्व मजकूर युनिकोडांतच यावा आणि त्यांत सजावट नसावी. लेखकाच्या फॉन्टाकडे कोणी लक्ष देऊं नये. ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ एकाच रीतीनें लिहावे, आणि दुसऱ्या रीतीनें आलेले संपादकानें आरंभींच बदलून घ्यावे. पानें लावण्याचें काम एकाच हातीं, एकाच यंत्रावर व्हावें. फॉन्टाची ती एकच प्रत, आवृत्तीच्या अंकासह, मजकुराच्या शेजारीं जपून ठेवावी. शेवटचें पान लागल्याशिवाय सूचि करूं नये. ह्यांत गहन असें कांहीं नाहीं. आकार देण्याचें काम एका ठिकाणीं आणि शेवटीं, हा जुन्या छापखान्याचाच नियम आहे. सहकार्य म्हणजे प्रत्येकानें सर्व कांहीं करणें, अशी समजूत संगणकामुळें फैलावली आहे. ती सोडल्यावांचून हा नियम पाळतां येणार नाहीं.

मांडणीकारांचा ह्यावर एक आक्षेप असतो, आणि तो आदरानें ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, नव्या फॉन्टांत आमच्या जुन्या फॉन्टाचें सौष्ठव नाहीं; वाचक पान पाहतो, अंक पाहत नाहीं. सौष्ठवाची गोष्ट कांहीं ठिकाणीं खरी आहे. परंतु साधनें मरतात. पेजमेकर गेला, त्या काळीं सर्वत्र रूढ असलेल्या ‘टाइप वन’ जातीच्या फॉन्टांस अडोबीनें जानेवारी २०२३ मध्यें आपल्या साधनांतून निरोप दिला. सुंदर आकारावर अवलंबून असलेला मजकूर त्या आकाराबरोबरच सती जातो. आकार बदलला तरी जगणारा मजकूर मात्र पुढच्या पिढीच्या अधिक सुंदर आकाराची वाट पाहूं शकतो.

आणि ही भीति भविष्याची नव्हे. सुमारें १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांत जुळविलेल्या मराठी पुस्तकांपैकीं पुष्कळांचा मजकूर आज जुन्या फॉन्टांच्या बंधनांत, अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या तबकड्यांत पडून आहे. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली म्हणजे प्रकाशक छापील प्रत समोर ठेवून सारें पुस्तक पुन्हां टंकलिखित करवितात आणि नव्या चुकांची भर घालतात. हे फॉन्ट ज्यांच्यापाशीं आहेत, ते चालतील अशीं यंत्रें ज्यांच्यापाशीं आहेत, आणि रूपांतर नेमकें कोठें फसतें हें ज्यांस पाठ आहे, असे जुळारी अजून कामांत आहेत. प्रकाशकांनीं ह्यांच्याकडून आपला सांठा, घाईची निकड नसतांना, मुद्रितशोधकासह बसून युनिकोडांत उतरवून घ्यावा. त्यास लागणारा खर्च नव्या टंकलेखनाहून अधिक होईल असें आम्हांस वाटत नाहीं. गृहस्थांसहि आमचें हेंच सांगणें आहे. वडिलांचें अप्रकाशित आत्मवृत्त, आजीनें सांगितलेल्या आणि नातवानें कधीं काळीं टंकलिखित केलेल्या ओव्या, कुळाची हकीकत अशा धारिका कित्येक घरांत आहेत. त्या ह्या आठवड्यांत उघडून पाहाव्या. मराठी दिसलें, तर तो फॉन्ट यंत्रावर आहे तोंवरच तें काम उरकून घ्यावें. डी, एफ आणि चौकटी दिसल्या, तर ती धारिका टाकून न देतां जाणत्या जुळाऱ्याकडे न्यावी. तिच्यांतलें मराठी अजून वांचवितां येतें.